मानस

आमच्याकडे मानस म्हणजे नुसतं मन नव्हे.
मानस म्हणजे बांदाच्या पोटातलं लाकडी दार,
खाडीचं खारं पाणी आणि खाजनातलं कोरगूट भात
यांच्यामध्ये उभं.
शाळेत मी मुलांना दोन्ही अर्थ लिहून द्यायचे,
फळ्यावर, एकाखाली एक,
आणि पुढच्या शब्दाकडे वळायचे.

सगळी गोष्ट उजव्या पायाची आहे.
उसगावच्या उतारावर, खनिजाचा ट्रक अंगावर येताना,
मी स्कूटरच्या मागच्या सीटवरून ब्रेक दाबला.
मागच्या सीटला ब्रेक नसतो.
रोहिदासना ते ठाऊक होतं.
पायाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नऊ वर्षं तो दाबतोच आहे.
झोपेत, देवळात, तिसरीचे पाढे चालू असताना.
बोटं आत वळलेली, पोटरीचा दगड,
त्यावर कंबर, कंबरेवर खांदे, खांद्यांवर जबडा,
चिऱ्यावर चिरा.
बांबोळीच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाकडे धरला,
म्हणाले, हाड छान जुळलंय.
नणंद म्हणाली, वैनी, मन घट्ट करा.
केलं.
घट्ट करण्याची परीक्षा असती
तर मी पहिली आले असते.

मार्चात एका संध्याकाळी सुंगटं आणायला
सांत इस्तेवच्या बांदावर गेले.
इनासिन अजून जाळं बांधत होती.
‘राव मगे. सुकती लागूं दी.’
थांबले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं,
हे दार उघडतं कोण?
‘कोणूच ना.’
भरती आली की बाहेरचं पाणी ते मिटतं,
ओहोटीला आतलं पाणी ते लोटतं.
पूर्वी एकानं पहारीनं उघडलं होतं, वेळेआधी.
त्या वर्षी भात गेलं.
‘हात दवर हांगा.’

ठेवला.
माट्टीचं लाकूड, शेवाळलेलं, गार.
आधी काहीच नाही. एक खेकडा, मग तोही नाही.
मग आत, खूप आत, बारीक थरथर.

उघडण्याआधी दार कापतं.
हे मला माहीत नव्हतं.
कापणं म्हणजे कोसळणं, असंच धरून चालले होते मी.
कापरं भरलं की हात मांडीखाली,
पाय पायाखाली, आणि मुलांनो, पान बत्तीस काढा.

फळी बोटभर सरली
आणि माझी पोटरी सुरू झाली.
टाच चिऱ्यावर टकटक, टकटक,
मग गुडघा, मांडी, ओटीपोट,
म्हैस तळ्यातून वर येऊन अंग झाडते तसं,
लाज न बाळगता.
दात वाजले. जांभया आल्या, एकीवर एक.
रडण्याच्या जागी जांभया! मला हसूच आलं.
इनासिननं पाठीवर हात ठेवला नाही,
काय झालं विचारलं नाही.
कंदील जरा माझ्याकडे सरकवला
आणि जाळ्याची दोरी हातात दिली.
‘धर. जड आसा.’
दोरी जड होती.
दोरी आत्ताची होती.

केव्हातरी तळवा उलगडला.
दिवसभर तापलेल्या चिऱ्याची ऊब
खालून वर आली, घोट्यापर्यंत.
जमीन होती तिथे. इतकी वर्षं होती.

त्या रात्री हुमणात सोलं जास्त पडली.
रोहिदासना तसंच आवडायचं.
दुसऱ्यांदा भात वाढून घेतलं तेव्हा लक्षात आलं,
जबडा दुखत नाहीये,
आणि ताटात पाणी पडतंय.

बरी झाले, असं नाही म्हणणार.
काल माशेलच्या तिठ्यावर ट्रक गेला
आणि पाय दाबला गेलाच.
मी त्याला सोड म्हटलं नाही.
पिशवी हातात, उन्हात, उभी राहिले.
कंडक्टरनं दोनदा शिट्टी मारली, बाई, येताय का,
बस गेली.
मग अंगठा हलला.